चतुराबाईच्या गिरणीवर आलेला टाकीवाला

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. डिझेलचं इंजिन, लांब पट्टा, धान्य ओतायचं पत्र्याचं चाडं आणि एकमेकांवर बसवलेले दोन दगड, एवढंच माझं शरीर. धर्मापुरीच्या अलीकडे दोन कोसांवर असलेल्या एका लहान गावात माझं आयुष्य गेलं. मला कुणा सावकारानं आणलं नव्हतं. गावच्या सेवा सहकारी सोसायटीनं मला आणलं, म्हणून सगळे मला 'सोसायटीची गिरणी' म्हणत आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटे.

अंबाजोगाईच्या खाजामियाँ मिस्त्रींनी मला चार दिवस खपून उभी केली. धुराड्याच्या तोंडावर त्यांनी एक छोटंसं मडकं उपडं घातलं, आणि मी 'पुक्-पुक्-पुक्' बोलू लागले. माझा आवाज शिवाराच्या टोकापर्यंत जाई. त्या दिवसापासून गावातल्या बायांची जाती भिंतीला टेकली. पहाटे उठून हात मोडेपर्यंत दळण्याचं काम संपलं. म्हाताऱ्या बाया माझ्या चाड्यावरून हात फिरवीत आणि कडाकडा बोटं मोडीत. असं कौतुक फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येतं.

मला पहिली पाच वर्षं दगडू नावाच्या माणसानं चालवलं. तो कसल्याशा तापानं आठ दिवसांत गेला. त्याच्या मागे राहिली त्याची बायको चतुराबाई. वय तिशीच्या थोडं पुढे, मूलबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. सोसायटीचे चेअरमन माणिकराव यांनी बैठकीत विचारलं, "गिरणी कोन चालवनार?" कुणी काही बोलायच्या आत दाराशी उभी असलेली चतुराबाई म्हणाली, "मी चालवते. मला येतंय."

लोक हसले. बाईमाणूस इंजिनाला हँडल मारणार? तिनं पदर खोचला, हँडल घातलं, चार फेरे गरागरा फिरवले आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. खरं सांगते, मी त्या दिवशी मुद्दाम चांगली वागले.

दिवसभर माझ्याभोवती बायांची गर्दी असे, पण त्या गर्दीत चतुराबाई एकटीच होती. संक्रांतीला बाया एकमेकींना हळदीकुंकू लावीत आणि तिच्याशी बोलताना जरा बाजूला सरून उभ्या राहत. लग्नाच्या घरचं दळण तिनं दळलेलं चाले, पण तिनं मांडवात आलेलं चालत नसे. संध्याकाळी दार लावण्याआधी ती माझ्या दगडाच्या पेटीवरचं पीठ कुंच्यानं झाडायची आणि म्हणायची, "चल गं, झालं आपलं." दिवसभरात तिच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक मायेचं वाक्य असायचं, आणि ते माझ्याशी.

मग दुष्काळ आला. एक साल गेलं, दुसरंही कोरडं गेलं, आणि बहात्तर साली तर आड-विहिरींनी तळ दाखवला. गावात दळायला ज्वारी राहिली नाही. सोसायटीच्या दुकानात परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळू लागली आणि बाया तीच घेऊन येऊ लागल्या. गावाबाहेर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. लांबलांबच्या गावांची माणसं तिथे माती उपसायला येऊन झोपड्या करून राहिली.

मिलोचा दाणा टणक. त्यानं माझे दगड गुळगुळीत झाले. दगडाला घोट आला की धान्य कापलं जात नाही, नुसतं रगडलं जातं. पीठ तापतं, करपतं. मग दगड उलटून त्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून पुन्हा खडबडीत करावं लागतं. आमच्याकडे येणारा टाकीवाला दुष्काळात मुलूख सोडून गेला होता. बाया कुरकुरू लागल्या, "चतुरा, भाकरीला जळका वास येतोय."

अशा एका दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. उंच, वाळलेला, डोक्याला मळकं फडकं. त्यानं पिठाची चिमूट बोटांत चोळून बघितली.

"दगडाला टाकी कावून लावत न्हाई, बाई?" त्यानं विचारलं.

"टाकीवाला गेलाय. तुला येतंय का?"

"येतंय. एक भाकर द्या, लई झालं."

त्यानं नाव सांगितलं रामकिसन. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून तो माझ्या दगडांपुढे मांडी घालून बसला. मित्रांनो, माझ्या दगडांवर पुष्कळ हात चालले, पण तसा हात पुन्हा लागला नाही. मधून काठाकडे जाणाऱ्या रेघा त्यानं इतक्या सारख्या काढल्या की दुसऱ्या दिवशी पीठ थंड आणि मऊ पडलं. चतुराबाईनं विचारलं, "कुठं शिकला हे काम?"

"सरकारी कामावर," तो म्हणाला आणि पोती उचलू लागला.

तो गेला नाही. सोसायटीच्या गोदामाच्या ओसरीवर राहू लागला. तलावाच्या कामावर हजेरीपटात नाव लावायला मात्र तो तयार होईना. तो माझा पट्टा शिवून द्यायचा, पोती उचलायचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या हौदातलं पाणी राखायचा. हौदातलं कढत पाणी तो बाळंतिणींच्या घरी घागरीनं नेऊन देई, कारण गावात अंघोळीला दुसरं पाणी नव्हतं. हळूहळू बाया त्याला 'रामकिसनभाऊ' म्हणू लागल्या.

चतुराबाई बदलली ती माझ्या डोळ्यांदेखत. आधी ती भाकरी त्याच्यापुढे ठेवून पाठ फिरवायची. मग समोर बसू लागली. एकदा त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "बाई, या मिलोच्या भाकरीला छिन्नीच लागती बगा." चतुराबाई हसली. इंजिन चालू असतानाही तिचं हसू ओसरीपर्यंत ऐकू गेलं. शेजारची सिंधुबाई दळणाचा डबा घेऊन उभी होती, ती दचकलीच. दगडू गेल्यापासून तिनं हे हसू ऐकलं नव्हतं.

सिंधुबाई तोंडाची फटकळ होती, पण मनाची वाईट नव्हती. ती सरळ म्हणाली, "लोकं बोलायलीत, चतुरा. बोलून बोलून दमतील. त्यापेक्षा पाट लावून घे. आपल्यात चालतंय."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्या दिवशी चतुराबाईनं माझ्या चाकाला तेल घालताना तीनदा सांडलं.

तिनंच त्याला विचारलं. भर दुपारी, गिरणी रिकामी असताना. "माझ्यासंगं ऱ्हाशील का?" त्यानं माझ्या पट्ट्याची शिवण चाचपली. मग म्हणाला, "ऱ्हाईन." त्याच्या आवाजात आनंद होता आणि भीतीही. तिला फक्त आनंद ऐकू आला.

माणिकरावांना बातमी कळली तेव्हा ते खुशीनं गिरणीवर आले. "चांगलं झालं. रामकिसन, सोसायटी तुला गिरणीवर कायम ठेवून घेईल. ठरावात पुरं नाव, बापाचं नाव, गाव लिव्हावं लागंल. गाव कुटलं तुजं? तितल्या पाटलाला पत्र घालतो, म्हंजे रीतसर हुईल."

"गोदाकाठचं," तो म्हणाला.

"गोदाकाठ लई लांबलचक हाय बे. गावाचं नाव सांग की."

"सांगतो. दोन दिसांत सांगतो."

माणिकराव गेले. चतुराबाईनं माझं इंजिन बंद केलं. अवेळी. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता मला सांग."

त्यानं सांगितलं. त्याचं नाव रामकिसन नव्हतं, आश्रुबा होतं. चकलांब्याच्या पुढे एका वाडीत त्याचं घर. विहिरीच्या पाळीवरून चुलतभावाशी भांडण झालं. भावानं आधी दगड मारला हे खरं, पण दगड मारून तो परत फिरला होता. आश्रुबानं मागून खोऱ्याचा दांडा घातला. एकच घाव. भाऊ पाण्याच्या पाटातच पडला आणि उठला नाही. जन्मठेप झाली. तुरुंगात सहा वर्षं त्यानं दगड फोडला, घडवला. रस्त्याच्या कामावर कैद्यांना बाहेर काढलं होतं तेव्हा मोठी वावटळ उठली, समोरचा माणूस दिसेना, आणि तो चालत सुटला.

"चौदा म्हैने झाले," तो म्हणाला. "कोनी मागून हाक मारली की आदी पळायची वाट बगतो. रामकिसन म्हनून हाक आली की वळायला उशीर हुतो."

चतुराबाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मागून मारलंस?"

"मागून."

तो उठून जाऊ लागला. तिनं त्याचा हात धरला. मित्रांनो, ती त्याला सोडू शकली असती. पण ज्या माणसाला अनेक वर्षांनी कुणीतरी 'जेवलीस का' असं विचारलेलं असतं, त्याला ते सोपं जात नाही. दोघांनी ठरवलं, परळीला जायचं आणि तिथून हैद्राबादची गाडी धरायची. तिकडे आश्रुबाला कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन लुगडी, तवा आणि पीठ मळायची काथवट एका गोणपाटात बांधली.

"जाता जाता दगडाला टाकी लावून जातो," तो म्हणाला. "मागं गावाचे हाल नको." त्यानं माझा वरचा दगड उलटला, तोंडाला फडकं बांधलं आणि ठोकायला बसला.

तेवढ्यात एक अनोळखी बाई मिलोचं गाठोडं घेऊन आली. पंचविशीतली असेल, पण गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. त्याच आठवड्यात ती तलावाच्या कामावर आली होती.

"बस," चतुराबाई म्हणाली. "दगडाला टाकी लावायचं काम चाललंय. तासभर लागंल."

ती उंबऱ्यावर बसली, पण बसता बसता आधी मागे वळून रस्ता बघितला. थोड्या वेळानं पुन्हा बघितला.

"कोनाची वाट बगतीस?"

"वाट न्हाई बगत. भ्या वाटतं." आणि मग, अनोळखी माणसाला सांगणं कधी कधी सोपं असतं म्हणून असेल, ती बोलत गेली. तिचं नाव जाईबाई. ती चकलांब्याकडची, इथे तीन कोसांवर भावाच्या गावी येऊन राहिलेली. "माझ्या मालकाला त्याच्या चुलतभावानं मारलं. मी बांधावर व्हते. कोर्टात साक्ष माझीच झाली. त्याला जन्मठेप लागली. तवा त्यानं पिंजऱ्यातून माझ्याकडं असं बगितलं, की आजून सपनात येतंय. आन् मागल्या साली खबर आली, त्यो पळाला."

छिन्नीचा आवाज थांबला होता.

"मग?" चतुराबाईनं विचारलं.

"मग काय. घर सोडलं, शेत सोडलं. लेकराला भावाच्या घरी आत कोंडून कामाला येते. रातच्याला दाराला पाटा-वरवंटा लावते. चौदा म्हैने झाले बाई, मी पाठ टेकून झोपलेली न्हाई."

चौदा महिने. ते दोन शब्द मी दोन दिवसांत दुसऱ्यांदा ऐकले.

आश्रुबानं मान वर केली नाही. त्याच्या तोंडावर फडकं होतं, अंगावर दगडाची पांढरी धूळ. जाईबाई त्याच्यापासून चार हातांवर बसली होती आणि तिला कळलं नाही. चतुराबाईनं तिचं गाठोडं ठेवून घेतलं. "उद्या दुपारी ये. दळून ठेवते," म्हणाली.

ती गेल्यावर चतुराबाई म्हणाली, "परळीची मोटार सकाळी हाय."

"हाय की," तो म्हणाला. पण दोघांपैकी कुणी त्या बांधलेल्या गोणपाटाकडे बघितलं नाही.

"मी तिच्याकडं बगत न्हवतो," तो एकदम म्हणाला. "कोर्टात. तिच्या मागं माजी माय उभी व्हती. मायकडं बगत व्हतो. मला काय ठावं, ती येवडी भ्याली म्हनून. मला वाटलं, पळालो तर कोनाचं काय जातंय."

"आता ठावं झालं."

"झालं."

तो उठला. आधी त्यानं राहिलेल्या रेघा पुऱ्या केल्या. दोघांनी मिळून दगड परत बसवला. मग तो म्हणाला, "मला येकदा माज्या नावानं हाक मार."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पाट लागला असता तर चतुराबाईला त्याचं नाव जन्मात घेता आलं नसतं. तिनं त्याच्याकडे बघून स्पष्ट हाक मारली, "आश्रुबा."

"ओ," तो म्हणाला. आणि ह्या वेळी त्याला वळायला उशीर झाला नाही. त्याचे खांदे असे खाली आले, जसं पाठीवरचं भरलेलं पोतं कुणी काढून घ्यावं.

दोघं माणिकरावांकडे गेली. चेअरमनांचा चेहरा आधी पांढरा पडला, कारण फरार कैदी सोसायटीच्या ओसरीवर राहिला होता. पण ते म्हणाले, "मी येतो संगं. धरून आनला असं न्हाई, आपल्या पायानं आला असं लिव्हून घ्यायला कोनी तरी पायजे." मध्यरात्रीच निघून तिघं सात कोस चालत ठाण्यावर गेली. तिथे काय झालं ते माणिकरावांनी पुढे माझ्या ओसरीवर बसून कितीदा तरी सांगितलं. जमादारानं विचारलं, "ह्या बाईला ठाऊक व्हतं का?" माणिकराव घाईनं म्हणाले, "न्हाई." चतुराबाई म्हणाली, "ठाऊक व्हतं. दोन दिसांपासून." जमादार म्हातारा होता. त्यानं दौतीत टाक बुडवला, तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, बाई." आणि पुढे लिहू लागला.

दुपारी चतुराबाई परत आली. पायांना फोड आले होते. तिनं हात-तोंडही न धुता माझं हँडल मारलं आणि जाईबाईचं दळण घातलं. जाईबाई आली तशी ती इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "त्यो हजर झाला. आश्रुबा. काल इथंच व्हता, आज आत हाय. मी माझ्या डोळ्यांनी बेड्या घातलेल्या बगितल्या. आन् त्यानं सांगितलंय, कोर्टात त्यो तुज्याकडं बगत न्हवता. त्याच्या मायकडं बगत व्हता."

जाईबाई उभी होती तशी भिंतीला टेकली. मग खाली बसली. मग काही न बोलता रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर आडवी झाली आणि झोपली. मित्रांनो, माझा आवाज केवढा! शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. पण ती बाई त्या आवाजात, दार सताड उघडं असताना, रस्त्याकडे पाठ करून, दिवेलागणीपर्यंत झोपली. तिच्या केसांवर, पापण्यांवर पीठ बसलं. दळणाला आलेल्या बाया कुजबुजल्या तर चतुराबाईनं त्यांना बोटानं गप्प केलं. त्या बाईच्या शेजारी बसूनच ती रडली. कुणासाठी ते मी सांगू शकणार नाही, पण रडून झाल्यावर तिनं मोठा श्वास घेतला आणि गोणपाट सोडून तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

आश्रुबाची शिक्षा वाढली. चतुराबाई वर्षातून दोनदा त्याला भेटायला जाई, जाताना स्वतःच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी नेई. तो तिथे दगडावर काम शिकवू लागला होता. सहाव्या वर्षी तुरुंगातून कार्ड आलं, कावीळ होऊन तो गेला होता. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तिला सुतकही नव्हतं. तिनं मला एक दिवस बंद ठेवलं. गावानं त्या दिवशी शिळं खाल्लं, पण कुणी तक्रार केली नाही.

आणि जाईबाई? दुष्काळ सरला, ती आपल्या शेतावर परत गेली. पण दर दिवाळीनंतर भावाच्या गावी आली की तिथून तीन कोस चालत, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन माझ्याकडे येई. वाटेत दोन गिरण्या लागत. तरी माझ्याकडेच. दोघी बायका तासन् तास बोलत. पाऊसपाणी, लेकरू, शेत. चतुराबाईनं तिला एक गोष्ट मात्र कधी सांगितली नव्हती. अकरा वर्षांनी, एकदा दळण होत आलं असताना तिनं धीर केला.

"जाई, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. त्यो आन् मी... आमचा पाट ठरला व्हता."

मला वाटलं, आता ही गाठोडं उचलून निघून जाईल. जाईबाईनं चाड्यातलं शेवटचं धान्य हातानं खाली सारलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"त्याच दिशी. उगं कोन परक्या बाईसाठी सात कोस चालतंय? आन् पायाला फोड आलेले आसताना कोन दळन घालतंय?" ती थोडी थांबली. "तू सांगतीस का न्हाई, तेवडीच वाट बगत व्हते."

चतुराबाईनं बसकण मारली. जाईबाईनं तिच्या कपाळावरचं पीठ पदरानं पुसलं आणि म्हणाली, "च्या टाक आता."

मित्रांनो, पुढे गावात विजेची चक्की आली आणि माझं काम संपलं. माझं इंजिन भंगारात गेलं, पट्टा कुठे गेला माहीत नाही. उरला आहे फक्त वरचा दगड. तो सोसायटीच्या कचेरीसमोर लिंबाखाली पडून आहे. नव्या मंडळींना तिथे फरशी घालायची आहे आणि ती म्हणतात, हा दगड मध्ये येतो. त्यांचं चुकत नाही, जुन्या वस्तू मध्ये येतातच.

पण माझं एवढं ऐका. दिवाळीनंतर तीन कोसांवरून एक म्हातारी येते. आता ती चालत येत नाही, नातवाच्या गाडीवर येते. दुसरी म्हातारी काठी टेकत घरातून निघते. दोघींची गुडघेदुखी सारखीच आहे आणि जमिनीवर बसलं तर उठता येत नाही. त्यांना बसायला तो दगड अगदी बेताचा उंच होतो. फरशी खुशाल घाला. दगडाच्या भोवतीनं घाला.